रेव्ह. डॉ. अ‍ॅना हॉवर्ड शॉ

इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन ही दोन नावे मिशनच्या शाळेत शिकलेल्या कोणासही अपरिचित नसावीत. अमेरिकेतील बोस्टन शहरी १८६९ साली मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीच्या स्त्रियांनी परदेशातील मिशनकार्यासाठी एक संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी या दोघींना हिंदुस्थानास धाडले. १८७० च्या जानेवारीत त्या मुंबई बंदरात उतरल्या. पुढे एकीने लखनौस मुलींच्या शिक्षणाचा व दुसरीने बरेलीस स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचा पाया घातला. त्याच १८७० साली, त्याच मंडळीतील तेवीस वर्षांच्या एका मुलीने मिशिगन प्रांतातील ॲश्टन नावाच्या लहानशा गावी आपला पहिला उपदेश केला. तिच्या वाट्यास मात्र निराळे आले. सातासमुद्रापलीकडे स्त्रीला पाठविण्यास जी मंडळी सिद्ध होती, तीच मंडळी आपल्या घरच्या व्यासपीठावर स्त्रीला पाळक म्हणून उभे करण्यास तयार होईना. त्या मुलीचे नाव अ‍ॅना हॉवर्ड शॉ.

आमच्या मराठी मंडळ्यांत पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांची पत्नी. जी बाई स्वतःच पाळक आहे, तिच्यासाठी निराळा शब्द करण्याची गरज आमच्या वडीलधाऱ्यांस कधी भासलीच नाही. म्हणून या लेखात त्यांना शॉबाई असेच म्हटले आहे. मिशनच्या बाईंना आपण ज्या आदराने हाक मारीत आलो, त्याच आदराने.

अ‍ॅनाचा जन्म इंग्लंडातील न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे १४ फेब्रुवारी १८४७ रोजी झाला. ती चार वर्षांची असता कुटुंब अमेरिकेस गेले व मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लॉरेन्स या गिरणगावात राहिले. येथवर सारे ठीक होते. परंतु वडिलांच्या मनात आपल्या मालकीची जमीन असावी, असे आले. त्यांनी मिशिगनच्या घोर अरण्यात ३६० एकर जागा घेतली, तेथे ओंडक्यांची एक झोपडी उभी केली आणि १८५९ साली पत्नी व पाच मुले तिकडे रवाना करून स्वतः मात्र थोरल्या मुलांसह कमाईसाठी लॉरेन्स येथेच राहिले. माता आणि मुले गाडीतून अनेक दिवसांचा प्रवास करून पोहोचली, तो झोपडीला दारे नाहीत, खिडक्या नाहीत, खाली जमीनही केलेली नाही. दारे-खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडे होती. रेल्वे १०० मैलांवर होती. ते दृश्य पाहताच आईचा धीर सुटला व ती जमिनीवर कोसळली. त्या धक्क्यातून ती बाई पूर्णपणे कधीच सावरली नाही. थोरला भाऊ जेम्स काही महिन्यांतच आजारी पडून परत गेला. बारा वर्षांची अ‍ॅना झाडे तोडू लागली, विहीर खणू लागली. घरच्या भिंतींना लावलेली वर्तमानपत्रे वाचून ती आपली वाचनाची भूक भागवी; आणि रानात कोणी नसताना झाडाच्या बुंध्यावर उभी राहून समोरच्या वृक्षांना उपदेश करी. वडिलांच्या त्या बेताविषयी पुष्कळ चरित्रकार मौन धरतात. आम्हांस तरी वाटते की, पुरुषाने योजना करावी आणि तिचा भार स्त्रीने वाहावा, हा पाठ अ‍ॅना त्या झोपडीतच शिकली. पुढील आयुष्यात तिने जे केले त्याचे मूळ तेथे आहे.

पंधराव्या वर्षी ती शिक्षिका झाली. पगार आठवड्यास २ डॉलर व जेवण. राहावयाचे विद्यार्थ्यांच्या घरी पाळीपाळीने. शाळेत चौदा मुले होती, परंतु सर्वांपाशी सारखे असे एकही पुस्तक नव्हते. घरात जे सापडले ते प्रत्येकाने आणलेले. कोणी गीतांचे पुस्तक, कोणी पंचांग. त्यावरच तिने त्यांना वाचावयास शिकविले. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट वाचून हसूही येते व थोडी लाजही वाटते. इतक्यात अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले, वडील व भाऊ सैन्यात गेले आणि त्या तुटपुंज्या पगारावर घर चालविण्याची जबाबदारी या मुलीवर येऊन पडली.

युद्ध संपल्यावर ती बिग रॅपिड्स या गावी बहिणीकडे राहून हायस्कुलात जाऊ लागली. वय विशीच्या आसपास, वर्गातील मुले लहान. तरी तिने संकोच केला नाही. तेथील मुख्याध्यापिका लुसी फूट यांनी तिच्या अंगचा गुण ओळखून तिला वक्तृत्वाच्या वर्गात घातले. पहिल्याच जाहीर प्रसंगी कविता म्हणत असता अ‍ॅना व्यासपीठावर मूर्च्छित पडली. शुद्धीवर येताच ती परत व्यासपीठावर गेली आणि तीच कविता शेवटपर्यंत म्हणून दाखविली. ज्या विद्यार्थिनींचे पाय वक्तृत्व-स्पर्धेच्या दिवशी लटपटतात त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे!

याच गावी डॉ. पेक नावाचे प्रांताचे वडील पाळक येत असत. स्त्रियांनाही उपदेशाचे काम मिळावे, असे त्यांचे मत होते. त्यांनी अ‍ॅनाला ॲश्टन येथे उपदेश करण्यास बोलाविले. मोशेने अरण्यात सर्प उंच केला, त्याप्रमाणे मनुष्याच्या पुत्राला उंच केले पाहिजे, या योहानाच्या शुभवर्तमानातील वचनावर ती बोलली. हात इतके कापत होते की, ज्या मेजाला ती टेकली होती त्यावरील दिव्यातील तेलही हलत होते, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. उपदेश पार पडला. परंतु घरी वादळ उठले. तिच्या मेहुण्याने वर्तमानपत्रात जाहीर निवेदन छापले की, ही मुलगी करीत असलेली गोष्ट तिच्या खऱ्या हितचिंतकांस मान्य नाही. कुटुंबाने तिच्यापुढे एक सौदा ठेवला. उपदेशाचा नाद सोडला तर ॲन आर्बर येथील विद्यापीठाचा सारा खर्च देऊ. न सोडला तर संबंध संपला. उच्च शिक्षणासाठी ती किती आसुसली होती हे ध्यानात घेतल्यास या परीक्षेची तीव्रता कळेल. तिने नकार दिला. त्याच सुमारास सुप्रसिद्ध वक्त्या मेरी लिव्हरमोर त्या गावी आल्या होत्या. कोणाचेही न ऐकता आपल्या मार्गाने जा, असा धीर त्यांनी तिला दिला. त्या एका भेटीचे ऋण शॉबाई जन्मभर मानीत आल्या.

१८७३ साली खिशात १८ डॉलर घेऊन ती आल्बियन कॉलेजात दाखल झाली. उपदेश करून व मद्यपानबंदीवर व्याख्याने देऊन ती फीचे पैसे मिळवी. या काळात उपदेशासाठी ती रानावनांतून हिंडे. एकदा लाकूडतोड्यांच्या एका दूरच्या वसाहतीत रविवारची उपासना चालविण्यास जावयाचे होते आणि वाहन म्हणून एका परक्या माणसाची गाडी तेवढी मिळाली. रात्री, भर जंगलात, तो मनुष्य अभद्र बोलू लागला, धमकावू लागला. अ‍ॅनाने थैलीतून पिस्तूल काढले, त्याच्या पाठीवर रोखले आणि गाडी हाकीत राहा, म्हणून बजावले. रात्रभर ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी उपासनेला देवळात पाय ठेवण्यास जागा उरली नाही, कारण त्या गाडीवानानेच गावभर ही कथा सांगितली होती. पिस्तूल बाळगणाऱ्या उपदेशिकेस पाहण्यास आलेल्या त्या दांडग्या लाकूडतोड्यांनी वर्गणीही भरघोस दिली.

जंगलातील भय एका रात्रीचे होते. बोस्टनची उपासमार मात्र कित्येक महिन्यांची. १८७६ साली अ‍ॅना बोस्टन विद्यापीठाच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिरली. वर्गात ४२ पुरुष आणि ही एकटी स्त्री. उपदेशाचा परवाना असलेल्या पुरुष विद्यार्थ्यांस राहण्यास फुकट खोली व अगदी स्वस्त भोजन मिळे; तोच परवाना असलेल्या अ‍ॅनाला आठवड्याला २ डॉलर तेवढे मिळत. ती एका घराच्या माळ्यावर राही आणि दूध व बिस्किटे खाऊन दिवस काढी. एकदा एका मंडळीत तिने आठवडाभर संजीवन-सभांत काम केले. शेवटी पाळकाने सांगितले की, वर्गणी कमी जमल्यामुळे तिला देण्यास काही उरले नाही. या वेळी काहीच मिळाले नाही तर हा मार्ग आपला नव्हे असे समजावे, असे तिने मनाशी ठरविले होते. ती दाराबाहेर पडते तोच एका म्हाताऱ्या बाईने तिला थांबविले. तिच्या वाया गेलेल्या नातवाचे त्या सभांत मनःपरिवर्तन झाले होते. तिने अ‍ॅनाच्या हातात ५ डॉलरची नोट ठेवली. शॉबाईंना पुढे मोठमोठे मान मिळाले; परंतु त्या नोटेइतके मोल त्यांतील कशासही नव्हते, असे त्यांच्या लेखनावरून दिसते.

तथापि ५ डॉलर किती दिवस पुरणार? एके दिवशी अशक्तपणामुळे जिना चढवेना, म्हणून अ‍ॅना पायऱ्यांवरच बसून राहिली. तेथे तिला जिने पाहिले ती स्त्रियांच्या परदेशी मिशन संस्थेतील एक अधिकारी बाई होती; ज्या संस्थेने थोबर्नबाई व स्वेनबाई यांना आपल्याकडे धाडले, तीच ही संस्था. त्या बाईने विचारपूस केली आणि दुसऱ्याच दिवशी निरोप दिला की, नाव न सांगू इच्छिणारी एक व्यक्ती पदवी मिळेपर्यंत दर आठवड्यास ३.५० डॉलर देईल. मात्र अ‍ॅनाने इतर कामे सोडून केवळ अभ्यास करावा. मंडळीच्या नियमांत जिला जागा नव्हती, तिला मंडळीतील स्त्रियांनी जगविले. १८७८ साली ती पदवीधर झाली.

त्याच वर्षी केप कॉड या समुद्रकाठच्या प्रदेशातील ईस्ट डेनिस येथील मंडळीने तिला बोलाविले. गाव दर्यावर्द्यांचे, माणसे मानी आणि मंडळीत दोन तट. पहिल्याच सभेत मंडळीच्या लोकांनी प्रार्थनेच्या निमित्ताने एकमेकांची उणीदुणी काढण्यास आरंभ केला. नव्या पाळकबाईंनी स्वच्छ सांगितले की, पुढच्या वेळी जो असे करील त्याला नाव घेऊन बाहेर जाण्यास सांगण्यात येईल. भांडणे थांबली. शॉबाई तेथे सात वर्षे राहिल्या आणि शेजारच्या डेनिस गावच्या काँग्रिगेशनल मंडळीची दुपारची उपासनाही चालवू लागल्या. पाळकाचे काम त्या करीत होत्या, लोक त्यांना पाळक मानीत होते. परंतु दीक्षा नसल्यामुळे बाप्तिस्मा देणे, प्रभुभोजन देणे, मंडळीत सभासद घेणे हे त्यांना करता येत नव्हते. आपणच शिकवून तयार केलेल्या बालकाला बाप्तिस्मा देण्यासाठी दुसऱ्या गावच्या पाळकास बोलवावे लागावे, यातील दुःख ज्यांनी मंडळीत काम केले आहे त्यांसच कळेल.

१८८० साली शॉबाईंनी आणि अ‍ॅना ऑलिव्हर नावाच्या दुसऱ्या एका पदवीधर बाईंनी दीक्षेसाठी अर्ज केले. दोघींच्या परीक्षा उत्तम झाल्या होत्या. बिशप अँड्र्यूज यांनी निर्णय दिला की, मंडळीच्या कायद्यात स्त्रीच्या दीक्षेची तरतूद नाही. सिनसिनाटी येथे भरलेल्या सर्वसाधारण कॉन्फरन्सकडे दाद मागितली असता तिने नकार कायम केलाच, शिवाय स्त्रियांना तोपर्यंत दिलेले स्थानिक उपदेशकाचे परवानेही रद्द केले. मागावयास गेलेल्यास न देणे समजू शकते. जे होते तेही काढून घेणे, याला काय म्हणावे? समाधान होत नसेल तर मंडळी सोडा, असेही शॉबाईंना ऐकविण्यात आले.

तेव्हा त्या मेथॉडिस्ट प्रॉटेस्टंट नावाच्या लहान शाखेकडे वळल्या. तिच्या न्यूयॉर्क कॉन्फरन्सपुढे टॅरिटाउन येथे त्यांची कसून परीक्षा झाली. स्त्रियांनी पतीच्या आज्ञेत राहावे असे पौल सांगतो, तेव्हा तुमच्या पतीने उपदेश करण्यास मना केले तर काय कराल, असा पेच एका विरोधकाने टाकला. शॉबाईंनी शांतपणे उत्तर दिले की, आपण अविवाहित असल्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. पुढे विवाह केलात तर, असे त्याने पुन्हा विचारले. त्यावर, उपदेश करण्याची आज्ञा देणारा पती मिळणेही तितकेच संभवनीय आहे, असे त्या म्हणाल्या. १२ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांस दीक्षा मिळाली. मेथॉडिस्ट प्रॉटेस्टंट मंडळीत दीक्षा मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री समजल्या जातात. चारच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्या शाखेच्या सर्वसाधारण कॉन्फरन्सनेही ही दीक्षा नियमबाह्य ठरविली. परंतु न्यूयॉर्क कॉन्फरन्सने आपला शब्द फिरविला नाही.

पाळकपण सांभाळीत असतानाच त्यांनी बोस्टन विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला व १८८६ साली एम. डी. ची पदवी मिळविली. गरीब वस्तीत रोग्यांची सेवा करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, औषधाने ज्वर उतरतो, परंतु ज्या मजुरीत, ज्या घरात आणि ज्या दारूबाज नवऱ्याच्या हाताखाली ती स्त्री राहते, ते काही बदलत नाही. कायदे पुरुष करतात आणि ते बदलण्यास मत लागते. म्हणून १८८५ साली त्यांनी ईस्ट डेनिसचे काम सोडले होते आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उडी घेतली होती. हा निर्णय काहींना पाचारणापासून ढळल्यासारखा वाटतो. आमच्या मते ते व्यासपीठ फक्त विस्तारले. त्यांनी उपदेश करणे कधीही सोडले नाही. १८८६ ते १८८८ या काळात आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या, बालविधवांसाठी बोलत गावोगाव फिरत होत्या, आणि बोस्टन येथेच १८८७ साली त्यांच्या साह्यार्थ रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्या देशातील ख्रिस्ती स्त्रियांत तेव्हा केवढी जागृती झाली होती, हे यावरून दिसून येईल.

१८८८ साली वॉशिंग्टन येथे स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता तेथील उपासनेत शॉबाईंनी उपदेश केला. मताधिकार-चळवळीच्या वयोवृद्ध नेत्या सुसान बी. अँथनी यांनी त्यांना हेरले. मद्यपानबंदी आणि मताधिकार अशा दोन होड्यांत पाय ठेवून चालणार नाही, एकच काम धरा, असा आग्रह त्यांनी केला. पुढे एका रात्री तर त्या शॉबाईंच्या खोलीत येऊन पहाटेपर्यंत बोलत बसल्या. गुरू-शिष्येचे हे नाते अठरा वर्षे टिकले. १३ मार्च १९०६ रोजी अँथनीबाईंनी देह ठेवला, तेव्हा शॉबाई उशाशी होत्या.

१९०४ ते १९१५ या काळात शॉबाई राष्ट्रीय मताधिकार संघाच्या अध्यक्षा होत्या. त्या आल्या तेव्हा चार प्रांतांत स्त्रियांना पूर्ण मताधिकार होता, गेल्या तेव्हा अकरा प्रांतांत. संघाची सभासदसंख्या १७,००० वरून १,८३,००० वर गेली. वक्त्या म्हणून त्यांना जोड नव्हती. ठेंगण्या, स्थूल, पांढऱ्या केसांच्या या बाई बोलू लागल्या की, विरोधकही हसत आणि मग विचारात पडत. मताचा अधिकार नाही तर कराची माहितीही देणार नाही, असे म्हणून त्यांनी कर-अधिकाऱ्यांशी असहकार केला, तेव्हा त्यांना भेट मिळालेली पिवळी मोटार १९१५ साली लिलावात विकली गेली! परंतु कारभार चालविणे हे त्यांचे अंग नव्हे. कार्यकारिणीत खटके उडत; टीका त्यांना झोंबत असे. आणखी एक दोष झाकता येत नाही. अशिक्षित पुरुषांना, नुकत्याच आलेल्या परदेशीयांना मत आणि सुशिक्षित स्त्रीला नाही, अशी तक्रार त्या वारंवार करीत. दक्षिणेतील गोऱ्या स्त्रियांचा पाठिंबा टिकावा म्हणून कृष्णवर्णीय भगिनींवर होणाऱ्या अन्यायाकडे त्यांच्या संघाने काणाडोळा केला. स्वतः दाराबाहेर उभी राहिलेली व्यक्तीही दुसऱ्यासाठी दार उघडण्यास विसरते, हे वाचून मन खिन्न होते.

१९११ साली स्टॉकहोम येथील गुस्ताव्ह वासा देवळात त्यांनी उपदेश केला. स्वीडनच्या राष्ट्रीय मंडळीत स्त्रियांना दीक्षा मिळण्यास त्यानंतर १९६० साल उजाडावे लागले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने राष्ट्रीय संरक्षण मंडळाच्या स्त्री-समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले आणि त्या सेवेबद्दल १९१९ च्या मे महिन्यात त्यांस डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले. त्या महिन्यातच राष्ट्रसंघाच्या बाजूने व्याख्याने देण्यासाठी माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्याबरोबर त्या दौऱ्यावर निघाल्या. इलिनॉय प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे त्यांना न्यूमोनियाने गाठले. थोडे बरे वाटून त्या पेनसिल्व्हेनियातील मॉयलन येथील आपल्या घरी परतल्या. परंतु २ जुलै १९१९ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रभूमध्ये विसावल्या. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती अमेरिकन काँग्रेसने ४ जून रोजीच संमत केली होती, इतके त्यांनी पाहिले. ती अमलात आली १९२० च्या ऑगस्टमध्ये.

आणि मंडळी? मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीने १९२४ साली स्त्रियांस स्थानिक स्वरूपाची दीक्षा देऊ केली, परंतु कॉन्फरन्सचे सभासदत्व दिले नाही. १९३९ साली मेथॉडिस्ट शाखा एक झाल्या, तेव्हा प्रॉटेस्टंट शाखेतील स्त्री-पाळकांना होते ते पूर्ण हक्कही गमवावे लागले. अखेर ४ मे १९५६ रोजी मिनिआपोलिस येथील सर्वसाधारण कॉन्फरन्सने स्त्रियांना पाळकपणाचे पूर्ण हक्क दिले. बिशप अँड्र्यूज यांच्या निर्णयाला तेव्हा शहात्तर वर्षे झाली होती. त्याच महिन्यात ज्यांना प्रथम हे हक्क मिळाले त्या मॉड कीस्टर जेन्सन समारंभास हजर राहू शकल्या नाहीत. त्या मिशनरी होत्या आणि त्या वेळी कोरियात आपल्या कामावर होत्या.